सडपातळ लॅपटॉप घेताना : किंमत, उष्णता आणि वॉरंटीचा हिशेब

महापे, ऐरोली, घणसोली आणि बेलापूर येथील कार्यालयांतून संध्याकाळी बाहेर पडणाऱ्या गर्दीत पाठीवर लॅपटॉपची बॅग नसलेला माणूस आता विरळाच. ठाणे-वाशी किंवा पनवेलच्या लोकलमध्ये उभ्याने प्रवास करणाऱ्याला दोन-अडीच किलोंचे यंत्र रोज खांद्यावर वागवणे जड जाते. साहजिकच सव्वा किलोच्या आसपास वजनाचा सडपातळ लॅपटॉप प्रत्येकालाच हवासा वाटतो.

मात्र या वर्गातील चांगल्या यंत्राची किंमत लाखाच्या घरात जाते. मध्यमवर्गीय कुटुंबासाठी घर, वाहन आणि मुलांचे शिक्षण यांच्या खालोखालचा हा खर्च आहे. एवढी रक्कम मोजताना ग्राहक प्रोसेसरचे नाव, पडद्याचा देखणेपणा आणि दुकानदाराने देऊ केलेली सवलत पाहतो. यंत्रातील उष्णता बाहेर कशी जाते आणि दोन-तीन वर्षांनी बिघाड झाल्यास खर्च कोणी करायचा, हे प्रश्न बहुधा विचारलेच जात नाहीत. सडपातळ यंत्राच्या बाबतीत तर किंमत, उष्णता आणि वॉरंटी हे तीन मुद्दे एकमेकांपासून वेगळे काढताच येत नाहीत. नवी मुंबईच्या दमट, उष्ण हवेत हा संबंध अधिकच घट्ट होतो.

जाडी घटली, ती कशाच्या बदल्यात?

जानेवारी २००८ मध्ये स्टीव्ह जॉब्ज यांनी कागदी पाकिटातून ‘मॅकबुक एअर’ बाहेर काढून दाखवला, तेव्हापासून सडपातळ लॅपटॉपच्या स्पर्धेला जोर आला. त्या यंत्राचा सर्वांत जाड भाग १.९४ सेंटिमीटर होता. २०११ मध्ये इंटेलने ‘अल्ट्राबुक’ ही संकल्पना मांडली आणि विंडोज लॅपटॉप बनवणाऱ्या कंपन्याही या शर्यतीत उतरल्या. २०२२ मध्ये आलेल्या मॅकबुक एअरची जाडी अवघी १.१३ सेंटिमीटर होती.

ही जाडी फुकट कमी झालेली नाही. प्रथम सीडी ड्राइव्ह गेला, मग नेटवर्कची केबल जोडण्याची जागा गेली. वापरणाऱ्याला सहज काढता-घालता येणारी बॅटरी गेली. पुढे अनेक यंत्रांत मेमरीच्या सुट्या पट्ट्या जाऊन मेमरी थेट मदरबोर्डवर सोल्डर होऊ लागली. काही यंत्रांतून तर पंखाही गेला. याचा अर्थ असा की, जुन्या जाडजूड लॅपटॉपमध्ये जे काम हजार-दोन हजारांच्या सुट्या भागावर भागत असे, तेथे आता संपूर्ण बोर्ड किंवा कीबोर्डसह वरचा अख्खा भाग बदलण्याची वेळ येऊ शकते.

उष्णतेचे साधे गणित

प्रोसेसर जेवढी वीज घेतो, ती जवळजवळ सर्व अखेरीस उष्णतेच्या रूपाने बाहेर पडते. घरातील साधा एलईडी दिवा ९ वॉटचा असतो, तर रेडिओ दुरुस्त करणाऱ्याच्या हातातील सोल्डरिंगचे हत्यार साधारण २५ वॉटचे. सडपातळ लॅपटॉपमधील प्रोसेसर जोराच्या कामात १५ ते ३० वॉट सहज घेतो आणि काही क्षण त्याहून कितीतरी अधिक. एवढी उष्णता नखाएवढ्या चिपमधून उचलून बाहेर टाकावी लागते.

हे काम तांब्याची हीट पाइप करते. या पोकळ नळीत थोडेसे द्रव असते. चिपच्या बाजूला त्याची वाफ होते, ती दुसऱ्या टोकाला जाऊन पुन्हा द्रव बनते आणि तेथे सोडलेली उष्णता पातळ पत्र्यांच्या जाळीतून पंखा बाहेर फेकतो. जाडी कमी झाली की नळी चपटी होते, जाळी लहान होते आणि पंख्याची पातीही आखूड होतात. लहान पंख्याला तेवढीच हवा ढकलण्यासाठी अधिक वेगाने फिरावे लागते, म्हणून आवाज वाढतो. तरीही उष्णता साचू लागली, तर प्रोसेसर स्वतःला वाचवण्यासाठी आपला वेग कमी करतो. यालाच ‘थ्रॉटलिंग’ म्हणतात. ग्राहकाने ज्या वेगासाठी पैसे मोजले, तो वेग यंत्र अशा वेळी स्वतःच सोडून देते.

याचे बोलके उदाहरण २०२२ मधील आहे. त्या वर्षी ॲपलने एम-२ हीच चिप दोन यंत्रांत घातली. पंखा नसलेला मॅकबुक एअर भारतात १,१९,९०० रुपयांपासून, तर पंखा असलेला १३ इंची मॅकबुक प्रो १,२९,९०० रुपयांपासून मिळत होता. थोड्या वेळाच्या कामात दोन्ही यंत्रे सारखीच चपळ होती. चित्रफितीचे दीर्घ संकलन सुरू केल्यावर मात्र एअरचा वेग काही मिनिटांनी उतरे आणि प्रो आपला वेग टिकवून धरी. चिप सारखीच होती. तरीही दीर्घ कामातील निकाल वेगळा लागला, तो मुख्यतः उष्णता बाहेर काढण्याच्या सोयीमुळे.

विंडोज लॅपटॉपमध्ये हा फरक ओळखणे आणखी अवघड असते. इंटेलच्या ‘कोअर अल्ट्रा ७ १५५एच’ या प्रोसेसरची मूळ वीजमर्यादा २८ वॉट आणि अल्पकाळची कमाल मर्यादा ११५ वॉट आहे. या दोन टोकांमध्ये यंत्राला सलग किती वॉट पेलवतील, हे लॅपटॉप बनवणारी कंपनी आपल्या शीतनव्यवस्थेच्या कुवतीनुसार ठरवते. त्यामुळे दोन लॅपटॉपवर एकाच प्रोसेसरचे लेबल असले, तरी अर्ध्या तासाच्या कामानंतर त्यांच्या वेगात मोठी तफावत पडू शकते. हे सांगणारा आकडा दुकानातील फलकावर क्वचितच आढळतो.

नवी मुंबईची हवा आणि कंपनीचा कागद

ॲपल, डेल यांसारख्या कंपन्यांच्या तांत्रिक पत्रकांत लॅपटॉप वापरण्याच्या जागेचे कमाल तापमान ३५ अंश सेल्सिअस दिलेले असते. आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यांत आणि ऑक्टोबरच्या उन्हात दुपारी पारा या आकड्याला टेकतो, कधी ओलांडतोही. इमारतीच्या सर्वांत वरच्या मजल्यावर तापलेल्या स्लॅबखाली वातानुकूलन यंत्राविना काम करणाऱ्याचा लॅपटॉप म्हणजे कंपनीने आखलेल्या सीमेवरच उभा असतो.

उष्णता बाहेर जाण्याचा वेग यंत्र आणि भोवतालची हवा यांच्या तापमानातील फरकावर अवलंबून असतो. चिप ९५ अंशांपर्यंत तापू दिली जाते असे धरू. खोली २५ अंशांची असेल, तर हा फरक ७० अंशांचा होतो. खोली ३५ अंशांची झाली की फरक ६० वर येतो, म्हणजे उष्णता टाकण्याची क्षमता साधारण एक-सप्तमांशाने घटते. पंखा नसलेल्या यंत्राचे गणित याहून कडक आहे. तेथे बाहेरचे धातूचे कवचच उष्णता सोडते आणि हाताला चटका बसू नये म्हणून ते फार तापू देता येत नाही. कवचासाठी ४५ अंशांची मर्यादा मानली, तर २५ अंशांच्या खोलीत २० अंशांचा फरक मिळतो, ३५ अंशांच्या खोलीत मात्र केवळ १०. क्षमता थेट निम्म्यावर येते! परदेशी परीक्षकाने थंड खोलीत घेतलेली चाचणी आपल्याला जशीच्या तशी का लागू पडत नाही, ते यावरून ध्यानात येईल.

पावसाळ्याचा प्रश्न वेगळा आहे. तीस अंश तापमान आणि ८० टक्के आर्द्रता असलेल्या हवेतील बाष्प सुमारे २६ अंशांहून थंड पृष्ठभागावर दव होऊन जमते. कार्यालयात २२ अंशांत दिवसभर थंड झालेला लॅपटॉप बाहेर येताच उघडला, तर चष्म्याच्या काचेप्रमाणे त्याच्या धातूवरही ओल धरू शकते. म्हणून तो बॅगेतच अर्धा तास राहू द्यावा आणि बाहेरच्या तापमानाला आल्यावर सुरू करावा. द्रवामुळे झालेले नुकसान साध्या वॉरंटीत सहसा बसत नाही, हे येथे लक्षात ठेवलेले बरे.

उष्णतेचा दुसरा बळी बॅटरी. लिथियम-आयन बॅटरी सतत पूर्ण भरलेली आणि गरम राहिली, की तिची धारणाशक्ती लवकर घटते. दिवसभर चार्जर लावून काम करणाऱ्यांनी चार्जिंग ८० टक्क्यांवर थांबवण्याची सोय असलेले यंत्र निवडावे आणि ती सोय वापरावी. गादीवर किंवा उशीवर ठेवून काम केल्यास तळाच्या जाळ्या बंद होतात. ज्यांचे बहुतेक काम घरच्या पलंगावरच चालते, त्यांनी मागील किंवा बाजूच्या कडेने हवा सोडणारे यंत्र पाहावे.

फलकावरची किंमत आणि खरी किंमत

लॅपटॉपवर १८ टक्के जीएसटी आहे. म्हणजे करासह १,१८,००० रुपयांच्या यंत्रात १८,००० रुपये कराचे असतात. स्वतःचा नोंदणीकृत व्यवसाय असणाऱ्याने बिलावर आपला जीएसटी क्रमांक घालून घेतल्यास व्यवसायासाठीच्या खरेदीवर या कराची वजावट मिळू शकते. नोकरदाराला ती सोय नाही.

‘नो कॉस्ट ईएमआय’ हा शब्दही जपून वाचावा. शून्य टक्के व्याज ही कल्पनाच अस्तित्वात नसल्याचे रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१३ मध्ये बँकांना बजावले होते. हल्लीच्या योजनांत बँक व्याज लावतेच, त्याएवढी सूट विक्रेता किमतीत देतो. मात्र क्रेडिट कार्डावरील व्याजावर १८ टक्के जीएसटी लागतो आणि प्रक्रिया शुल्क असल्यास तेही ग्राहकाच्याच खात्यावर पडते. रोखीने किती सवलत मिळते, ते विचारून दोन्ही रकमा शेजारी मांडल्या की खरा फरक कळतो.

मेमरीबाबतचा निर्णय खरेदीच्याच दिवशी घ्यावा लागतो. मेमरी सोल्डर केलेली असेल, तर ‘आता आठ जीबी घेऊ, पुढे वाढवू’ ही जुनी युक्ती चालत नाही. चार-पाच वर्षे वापरायचे असेल, तर १६ जीबी हा किमान आकडा धरावा. २०२५ च्या उत्तरार्धात जगभर मेमरी चिपचे भाव चढले आणि त्याचा ताण लॅपटॉपच्या किमतींवरही आला. त्यामुळे जुना भाव मनात धरून बाजारात गेल्यास निराशा पदरी येण्याचा संभव आहे.

अमेरिकेतील किंवा आखातातील नातेवाइकाकडून लॅपटॉप मागवण्याची पद्धत नवी मुंबईत सर्रास आहे. अठरा वर्षांवरील प्रवाशाला एक लॅपटॉप सीमाशुल्काविना आणता येतो. तथापि त्या यंत्राची वॉरंटी भारतात चालते का, त्यासाठी मालकाचे नाव किंवा देश बदलून घ्यावा लागतो का, हे प्रत्येक कंपनीचे आणि प्रत्येक मॉडेलचे वेगळे असते. हे आधी विचारले नाही, तर पंधरा हजारांची बचत पन्नास हजारांच्या बोर्डात बुडू शकते.

वॉरंटी हा किमतीचाच भाग

पातळपणाची किंमत दुरुस्तीत कशी मोजावी लागते, याचे उदाहरण जगाने पाहिले आहे. जाडी कमी करण्यासाठी ॲपलने २०१५ ते २०१९ या काळात अनेक लॅपटॉपमध्ये ‘बटरफ्लाय’ प्रकारचा कीबोर्ड बसवला. बारीक धूळ गेली तरी त्याच्या कळा अडकत. दुरुस्तीसाठी अनेकदा बॅटरीसह वरचा पूर्ण भाग बदलावा लागे. अखेर जून २०१८ मध्ये कंपनीने अशा यंत्रांसाठी खरेदीपासून चार वर्षे मोफत दुरुस्तीची योजना जाहीर केली. यातून दोन धडे मिळतात. एक, नव्या रचनेतील दोष कधीकधी एक वर्षाची वॉरंटी संपल्यानंतर कळतो. दोन, पैसे भरून दुरुस्ती करण्याआधी आपल्या मॉडेलसाठी अशी एखादी योजना आहे का, ते कंपनीच्या संकेतस्थळावर तपासावे.

वाढीव वॉरंटी घ्यावी की नाही, हा प्रश्न थोड्या हिशेबाने सुटतो. समजा, लॅपटॉप १,२०,००० रुपयांचा आहे, दोन वर्षांच्या वाढीव वॉरंटीचे १२,००० रुपये होतात आणि बोर्ड बदलण्याचा खर्च ४८,००० रुपये आहे. या आकड्यांनुसार चारांपैकी एका यंत्राचा बोर्ड त्या काळात जाणार असेल, तरच वॉरंटीचा खर्च सरासरीने वसूल होईल. प्रत्यक्षात शक्यता त्याहून कमीही असेल. पण विम्याकडे केवळ सरासरीने पाहून चालत नाही. एकदम ४८,००० रुपये काढणे ज्याला शक्य नाही आणि ज्याची रोजीरोटी त्या यंत्रावर आहे, त्याने १२,००० रुपये देऊन ती धास्ती टाळणे शहाणपणाचे ठरते. शिवाय १,२०,००० चे यंत्र तिसऱ्या वर्षी निकामी झाले, तर वर्षाला ४०,००० रुपये पडतात. वॉरंटीसह १,३२,००० होऊन ते पाच वर्षे चालले, तर २६,४०० रुपयेच पडतात.

मात्र ‘वाढीव वॉरंटी’ या एका नावाखाली तीन निरनिराळ्या गोष्टी विकल्या जातात. पहिली, कंपनीची स्वतःची वॉरंटी, जिच्यात निर्मितीतील दोष येतात. दुसरी, अपघाती नुकसानीचे संरक्षण, ज्यात लोकलच्या गर्दीत फुटलेला पडदा किंवा सांडलेला चहा येतो, पण प्रत्येक वेळी ठरावीक शुल्क भरावे लागू शकते. तिसरी, दुकानाने किंवा अन्य संस्थेने दिलेली योजना, जिच्यात दुरुस्ती कोणाकडे होईल, अस्सल भाग वापरले जातील का आणि घसारा कापला जाईल का, हे अटींतच दडलेले असते. शक्य असेल तेथे पहिली आणि दुसरी कंपनीकडूनच घ्यावी. बॅटरीचे संरक्षण अनेकदा एकच वर्ष असते, तीन वर्षांच्या वॉरंटीतही. ही अट कागदावर शोधून वाचावी.

तंत्रज्ञ घरी येणार की यंत्र केंद्रात नेऊन द्यायचे, यानेही फरक पडतो. वाशीत सर्व्हिस सेंटर असले, तरी उलवे किंवा तळोज्याहून तेथे दोन-तीन खेपा म्हणजे दोन-तीन रजा. घरी येऊन दुरुस्तीची सोय असलेल्या यंत्रासाठी चार पैसे अधिक द्यावे लागले, तर ते या रजांच्या हिशेबात बसवून पाहावेत.

तक्रार कोठे करायची?

बिल, वॉरंटीचा कागद, सर्व्हिस सेंटरची प्रत्येक पावती आणि यंत्राच्या अनुक्रमांकाचे छायाचित्र जपून ठेवावे. बॉक्सवरील कमाल किरकोळ किंमत, आयातदाराचा पत्ता आणि भारतीय मानक ब्युरोचे नोंदणीचिन्ह पाहून घ्यावे. वॉरंटी कोणत्या तारखेपासून सुरू झाली, ते अनुक्रमांक टाकून कंपनीच्या संकेतस्थळावर त्याच दिवशी तपासावे. ती तारीख बिलाच्या आधीची दिसल्यास बिल दाखवून लगेच दुरुस्त करून घ्यावी.

दाद मिळाली नाही, तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवता येते. त्यापुढचा मार्ग जिल्हा ग्राहक आयोगाचा. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ हा जुलै २०२० पासून लागू झाला आणि त्याने ग्राहकाला आपण राहतो किंवा काम करतो त्या ठिकाणी तक्रार करण्याची मुभा दिली. विक्रेता बंगळुरूचा असला तरी हरकत नाही. नवी मुंबई महापालिकेचा भाग ठाणे जिल्ह्यात, तर खारघर, कामोठे, पनवेल रायगड जिल्ह्यात येतात, एवढे ध्यानात ठेवावे. तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांत अर्ज करावा लागतो आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीसाठी शुल्क नाही. स्वयंरोजगाराने उपजीविका करण्यासाठी यंत्र घेणाराही कायद्याच्या दृष्टीने ग्राहकच असतो.

निवड कशी करावी?

लेखन, हिशेबाची पत्रके, ईमेल आणि चित्रफिती पाहणे एवढेच काम असेल, तर पंखा नसलेले यंत्र उत्तम. ते शांत असते आणि त्यात धूळही कमी जाते. चित्रफितींचे संकलन, इमारतींचे त्रिमितीय आराखडे किंवा मोठ्या प्रणालींचे प्रोग्रॅमिंग करणाऱ्याने दीड-पावणेदोन सेंटिमीटर जाडीचे, चांगल्या पंख्याचे यंत्र घ्यावे. चारशे ग्रॅम अधिक वाहून नेणे हे अर्धा-अर्धा तास ताटकळण्यापेक्षा बरे.

परीक्षणे वाचताना पहिल्या मिनिटातील गुण बाजूला ठेवून अर्ध्या तासाच्या सलग कामानंतरचे गुण शोधावेत. वातानुकूलित शोरूममध्ये रिकाम्या बसलेल्या यंत्रावर हात ठेवून काही कळत नाही. घरी आणल्यावर, परत देण्याची मुदत असेल तर ती संपण्यापूर्वी, भर दुपारी एसी बंद ठेवून आपले नेहमीचे काम तासभर चालवून पाहावे.

आणि पैसा मर्यादित असेल, तर सर्वांत वरचा प्रोसेसर सोडावा. सडपातळ देहात तो आपला पूर्ण वेग फार काळ टिकवू शकत नाही. एक पायरी खालचा प्रोसेसर घेऊन वाचलेली रक्कम अधिक मेमरी आणि तीन वर्षांच्या वॉरंटीत घालणारा ग्राहक चौथ्या वर्षी अधिक समाधानी असेल. दुकानात पाय ठेवण्यापूर्वी पुढील प्रश्न कागदावर लिहून न्यावेत :

१. या यंत्राला पंखा आहे का आणि गरम हवा कोणत्या बाजूने बाहेर पडते?
२. मेमरी आणि स्टोरेज पुढे बदलता किंवा वाढवता येईल का?
३. वॉरंटी कोणाची, किती वर्षांची आणि बॅटरीला किती?
४. तंत्रज्ञ घरी येणार की यंत्र केंद्रात न्यावे लागणार?
५. वॉरंटी संपल्यावर बोर्ड, पडदा आणि बॅटरी बदलण्याचा आजचा दर काय?
६. रोखीची अखेरची किंमत किती आणि हप्त्यांची एकूण बेरीज किती?

पाचव्या प्रश्नाचे उत्तर लेखी मागावे. ते द्यायला विक्रेता जेवढा कचरेल, तेवढी वाढीव वॉरंटीची गरज अधिक समजावी.